विहिरीत पावडर टाकल्यावरचा एक तास

हे मनन एका तासाचं आहे. त्याला पावसाळ्यातली संध्याकाळ लागते, चिऱ्यांनी बांधलेली विहीर लागते आणि घरातलं दिवसभराचं पाणी भरून झालेलं असावं लागतं. विहीर स्वतःची नसेल तर आजोळची आठवा, वाडीतली सार्वजनिक आठवा. कठड्यापाशी या. घाई नको. ब्लीचिंग पावडरचा डबा अजून उघडायचा नाही.

आधी पाणी पाहायचं. आषाढात ते इतकं वर येतं की काही विहिरींत वाकून हातानेच कळशी बुडवता येते. त्याच विहिरीत मे महिन्यात पोहरा सोडला तर दोर हातातून सरकतच राहतो आणि शेवटी भांडं तळाच्या दगडावर वाजतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, याचं एक मोठं कारण आपल्या पायाखाली आहे. जांभा सच्छिद्र. तो जितक्या सहज पाणी घेतो तितक्याच सहज सोडून देतो. कठड्याच्या चिऱ्यावरून बोट फिरवा. त्यावरच्या खळग्यांत, बारीक नळ्यांत बोटाचं टोक अडकेल. आत, पाण्याच्या थोडं वर, एखाद्या सांध्यातून पाणी झिरपत असेल. तिथे शेवाळ दाट असतं, एखादा नेचा उगवलेला असतो. त्या ओल्या रेषेवर नजर स्थिर करा.

ती रेष कुठून आली? मनाने तिच्या मागे मागे जा. चिऱ्यातून बाहेर, मातीतून वर, आगरातल्या पोफळींच्या बुंध्यांशी, कुजलेल्या झावळांखाली. तिथून गोठ्याकडे. गोठ्यामागच्या शेणकईकडे. शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडे संडासाचा शोषखड्डा आहे, तिकडेही जा. विहीर आणि असा खड्डा यांत निदान १५ मीटर अंतर हवं, असं आरोग्यशास्त्राची पुस्तकं सांगतात. वाटणीवर वाटणी होऊन अरुंद झालेल्या आपल्या वाड्यांत ते अंतर कितीदा राहतं, हे तुम्हीच आठवा. शिवाय आपला दगड गाळण्याच्या कामाला फारसा चांगला नाही. वाळूतून पाणी हळूहळू जातं आणि जाता जाता बरंच मागे टाकतं. जांभ्याच्या भेगांतून ते धावतं. पाऊस जोराचा झाला की परसातलं सगळं काही तासांत विहिरीशी पोचू शकतं, आणि पाणी मात्र दिसायला काचेसारखं असतं. इथे थोडं थांबा. नितळ पाण्याविषयी आपल्याला जो विश्वास वाटतो तो लहानपणापासूनचा आहे. तो सोडायला मन तयार होत नाही. बळजबरी करू नका. फक्त एवढं मनाशी धरा की पटकी, विषमज्वर आणि काविळीची बीजं डोळ्यांना दिसत नाहीत.

आता मोजायचं. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि दोर किती भिजला ते पाहा. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि पाणी ४ मीटर आहे. व्यासाचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा. २८ घनमीटर आलं, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. चांगल्या पावडरचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. मे महिन्यात पाणी अर्धा मीटर उरलं असेल तर हीच विहीर ९ ग्रॅमांवर येते. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. यांतून एकच गोष्ट उमजून घ्यायची: 'विहिरीला मूठभर पावडर' असं काही नसतं. आजच्या पाण्याला आजचं माप. मोजायला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक तेवढीच टाळतात. मग एक तर पाणी नावापुरतं शुद्ध होतं, नाही तर तोंडात घालवत नाही आणि घरातली म्हातारी माणसं 'औषधाचं पाणी नको' म्हणून पलीकडच्या, पावडर न टाकलेल्या विहिरीचं पाणी आणतात. दुसरा धोका मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

डबा आता उघडा. तोंड जरा बाजूला ठेवून. गावात हिला टीसीएल पावडर म्हणतात. ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो. पण ती दमट हवेत टिकत नाही, आणि आषाढातल्या रत्नागिरीच्या हवेत काय टिकतं? मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, तशी ही पावडरही गोळे धरते आणि तिच्यातला क्लोरीन उडून जातो. खाली जो राहतो तो बव्हंशी चुना. पांढरा, निरुपद्रवी दिसणारा आणि निकामी. म्हणून डबा घट्ट झाकणाचा, अंधाऱ्या कोरड्या जागी, आणि आणल्याची तारीख त्यावर लिहिलेली हवी. नाक हे इथलं पहिलं परीक्षेचं साधन आहे. झाकण काढताच वास नाकात झोंबला नाही, तर ती पावडर विहिरीत टाकून मनाचं समाधान करून घेऊ नका.

प्लास्टिकची बादली घ्या. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवत पाऊण बादली भरा, काठीने ढवळा आणि ठेवून द्या. आठ-दहा मिनिटं. या वेळात काहीच करायचं नाही. वरून पांढरं दिसणारं पाणी हळूहळू निवळतं, चुना खाली बसतो, मध्ये एक सीमारेषा तयार होते आणि ती खाली खाली सरकते. ती सरकताना बघत राहणं हे या सबंध तासातलं सर्वांत सोपं ध्यान आहे. मग वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा साका विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. निवळ घेतलेली बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवी-उभी हलवा. जुन्या रहाटावर पाणी ओढलेल्या हातांना ही लय लगेच साधते. घरात सांगून ठेवा. आमच्याकडे सार्वजनिक विहिरीवर पावडर टाकून झाली की ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक दारावरून जाता जाता हाक घालतो, "काकी, पावडर टाकलीय हां, आता पाणी काढू नका." त्या हाकेनंतरचा एक तास पाण्याला द्यायचा असतो. तोच हा तास.

बसा.

पाण्याखाली काय चाललं आहे ते मनाने पाहा. क्लोरीन पाण्याशी मिळून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. हे आम्ल सौम्य आहे, पण जंतूच्या आवरणातून आत शिरण्याची ताकद त्यात आहे. पाणी जितकं अल्कधर्मी, तितकं त्याचं रूपांतर अशा कणांत होतं जे जंतूंवर फार कमी चालतात. सामू साडेसातच्या जवळपास असताना निम्मं आम्ल शाबूत असतं, साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा. जांभ्यातलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं, त्यामुळे या एका बाबतीत आपला दगड आपल्या बाजूने आहे. तरीही हे आम्ल एकदम जंतूंकडे जात नाही. वाटेत कुजकी पानं आहेत, शेवाळ आहे, गाळ आहे, अमोनिया आहे. जे भेटेल त्यावर ते खर्च होतं. पाणी आधी आपली भूक भागवून घेतं, आणि ती भागल्यावर जे उरतं तेच आपल्या कामाचं. आमटीत मीठ किती घातलं याला अर्थ नसतो, घातल्यावर चव घेऊन पाहावी लागते. क्लोरीनचंही तसंच. किती टाकला ते सांगू नका, तासाभराने किती उरला ते सांगा.

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशाचं जे मानक आहे, आयएस १०५००, त्यात उरलेल्या मोकळ्या क्लोरीनचं प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम सांगितलं आहे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे निदान ०.५. अर्धा मिलिग्रॅम, एका लिटरमध्ये. विहिरीवर रात्री पहारा असतो तो एवढाच. कळशीत, हंड्यात, माठात पाणी गेलं, त्यात कुणाचा हात बुडाला, तरी काही काळ तो पहारा पाण्याबरोबर जातो. उकळलेल्या पाण्यात असं काही मागे राहत नाही. उकळणं चांगलंच, पण उकळून उघडं ठेवलेलं पाणी पुन्हा एकटं असतं.

हीच पांढरी पावडर १८४७ साली व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात हात धुण्यासाठी ठेवली गेली. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला जंतू ठाऊक नव्हते, ते पुढे सिद्ध व्हायचे होते. शवविच्छेदन करून आलेल्या हातांचा वास साबणाने जात नाही आणि क्लोरीनयुक्त चुन्याने जातो, एवढं त्याने पाहिलं होतं. बाळंतिणींचे मृत्यू त्याच्या वॉर्डात झपाट्याने उतरले. ज्या सहकाऱ्यांचे हात त्याने धुवायला लावले त्यांतल्या अनेकांना ते अपमानाचं वाटलं. पुढे १९०८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या बूनटनच्या जलाशयावर डॉ. जॉन लील यांनी हीच पावडर रोजच्या रोज, मापाने सोडायला सुरुवात केली. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात विष घातलं, असा ओरडा झाला, प्रकरण न्यायालयात होतं, आणि न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य धरली. एखाद्या शहराच्या पाण्याला कायमचं क्लोरीन देण्याची रीत तिथून पसरत गेली. 'औषधाचं पाणी नको' म्हणणाऱ्या आजीला मी म्हणून कधी अडाणी म्हणत नाही. शिकलेल्यांनीही तेच म्हटलं होतं. तिला वास येणार नाही इतकं नेमकं माप टाकून दाखवणं, हेच तिला उत्तर.

तासाचा हा मधला भाग आहे. इथे थोडं जड काही मनात घ्यावं लागेल.

कोकणातल्याच महाडच्या चवदार तळ्याकडे या. २० मार्च १९२७. मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ सालीच मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. कागदावर सगळं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे, महाडला भरलेल्या परिषदेसाठी आलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. गावात मारहाण झाली. मग तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. त्यातलं १०८ घागरी पाणी उपसलं, मंत्र म्हटले गेले आणि तळ्यात पंचगव्य सोडलं गेलं. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ चा मार्च उजाडावा लागला.

हे दृश्य मनात स्थिर होऊ द्या. माणसांच्या ओंजळीने बाटलेलं मानलेलं पाणी, आणि ते शुद्ध करण्यासाठी त्यात कालवलेलं शेण. आपण आता ज्या विहिरीपाशी बसलो आहोत तिच्यात गोठ्याकडून शेणाचं पाणी झिरपू नये म्हणून ही सगळी मोजणी चालली आहे. ज्या शुद्धतेला नळीत घालून तपासता येत नाही, तिच्यापायी आपल्या मुलखाने किती माणसांना तहानलेलं ठेवलं. क्लोरीनला ओंजळ कुणाची ते कळत नाही. तो फक्त पाण्यात काय आहे तेवढं ओळखतो. माझ्या मते पावडरच्या डब्याने आपल्याला दिलेली ही सर्वांत मोठी शिकवण आहे, आणि वाडीवाडीच्या विहिरी अजूनही वेगळ्या आहेत तिथे ती अजून घ्यायची राहिली आहे. तुमच्या लहानपणी कुणाला कठड्यापासून दूर उभं राहायला सांगितलं जात होतं, ते आठवा. कळशीत वरून पाणी ओतलं जाई, ते कुणाच्या? चेहरा आठवत असेल तर त्या चेहऱ्यासोबत दोन मिनिटं बसा. बाकी काही करायचं नाही.

मग परत या पाण्याकडे.

गणपतीपुळ्याच्या वाटेवर, आरे-वारेच्या बाजूला निवासाची घरं वाढली तसे अंगणात छोटे तरणतलावही आले. पूर्वी पोरं पाठीला डबा नाही तर असोले नारळ बांधून आगराच्या शिंपण्याच्या विहिरीत उड्या टाकत. आता निळ्या फरश्यांच्या टाकीत टाकतात. दुकानात मिळणारं कपड्यांचं ब्लीच त्यात चालेल का, असं मालक विचारतात. मूळ द्रव्य एकाच कुळातलं आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आशाताई घरोघर देतात त्या मेडिक्लोरच्या बाटलीतही तेच, फक्त पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं. पाच टक्क्यांचं एक लिटर ब्लीच ५० हजार लिटरच्या तलावात लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन देतं, आणि तरणतलावासाठी सांगितलेलं प्रमाणही साधारण तेवढंच. पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा: सुगंधी नको, दाट केलेलं नको, फेस येणारं नको. ब्लीच अल्कधर्मी असल्याने तलावाचा सामू वर सरकवतं आणि मघाशी पाहिलं तसं आपलंच बळ कमी करतं, म्हणून सामूही तपासत राहावं लागतं. शिवाय विहीर झाडांच्या सावलीत, तलाव उघड्या उन्हात. ऊन क्लोरीनला काही तासांत खाऊन टाकतं, तेव्हा मात्रा द्यायची ती सूर्य मावळल्यावर. तलावापाशी डोळे चुरचुरवणारा जो वास येतो त्याला लोक जास्त क्लोरीन समजतात. बहुतेक वेळा तो घाम आणि लघवीशी जखडलेल्या क्लोरीनचा असतो. मोकळा क्लोरीन संपत आल्याची ती खूण आहे.

पिण्याच्या विहिरीसाठी मात्र पावडर किंवा मेडिक्लोर. कपड्यांचं ब्लीच नको.

आणि एक गोष्ट इथे नि:संदिग्ध सांगायला हवी. संडास-फरशीचं ॲसिड आणि पावडर किंवा ब्लीच यांना कधीही एकत्र येऊ देऊ नका. बादलीतही नाही, मोरीतही नाही, फडताळात शेजारी शेजारीही नाही. दोन्ही मिळाली की क्लोरीनचा वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. हे वाचून डोळे मिटा आणि तुमच्या घरात या दोन बाटल्या आत्ता कुठे आहेत ते पाहा.

विहिरीत कुणी राहतं का, तेही आठवा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेले गप्पी मासे असतील. बाजारात नेण्याइतके मोठे नसलेले, नाव नसलेले चार मासे पिढ्यानपिढ्या असतील. क्लोरीन माशांना सोसत नाही. जी विहीर पिण्याची आहे तिच्यात क्लोरीन हवा, मग तिच्यात मासे सोडू नयेत, असलेले काढून शिंपण्याच्या विहिरीत न्यावेत. हे काम पावडरच्या आधीचं. ते आज राहिलं असेल तर आज जे गेले त्यांची जाणीव ठेवून पुढच्या वेळी ते आधी करायचं.

तास संपत आला. पोहरा सोडा, पण वरवरचं नको, थोडं खालचं पाणी घ्या. ओटी टेस्टच्या नळीत ते भरा आणि ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका. आता पूर्ण लक्ष. पिवळा रंग चढेल तो पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. तेवढ्यात दिसतो तो मोकळा क्लोरीन. नंतर पंधरा-वीस मिनिटांत रंग गडद होत जातो, त्यात जखडलेलाही मिसळलेला असतो आणि तो फसवतो. दहा सेकंद म्हणजे दोन-तीन श्वास. नळी पांढऱ्या कागदापुढे धरा, शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहा. नळीतलं पाणी विहिरीत परत ओतायचं नाही, ते रसायन पोटात जाण्याजोगं नाही.

रंग आला नाही तर मन खट्टू होतं. हरकत नाही. पाण्याची भूक आपल्या अंदाजापेक्षा मोठी निघाली, एवढंच त्याने सांगितलं. थोडी मात्रा वाढवून पुन्हा तास द्या. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तसा पूर आला की विहिरीची भूक हजार लिटरला अडीच ग्रॅमांनी भागत नाही. तिथे आधी सगळं पाणी उपसावं लागतं, गाळ काढावा लागतो, भिंती घासाव्या लागतात, आणि मगच मोठी मात्रा. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतींच्या पाणवठ्यांची तपासणी होऊन लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. पण ते कार्ड गावाचं. परसातल्या विहिरीला कुणी कार्ड देत नाही. तिच्यासाठी ही नळी आहे, आणि ज्या घरात विहीर आहे त्या घरात ती असायलाच हवी असं मला कळकळीने वाटतं.

सकाळी पंप लावण्याआधी नळी पुन्हा भरा. रात्री आलेला पिवळा सकाळी अगदीच गेला असेल, तर रात्रीतून पाण्यात काहीतरी नवीन आलं आहे. रात्री पाऊस किती पडला ते आठवा, आणि संध्याकाळी पाहिलेल्या त्या ओल्या सांध्याशी जाऊन तिथलंच पाणी वेगळं तपासा. संशय खरा ठरला तर पावडर वाढवत बसू नका. शेजाऱ्यांशी खड्ड्याविषयी बोलावं लागेल, कठडा उंच करून भोवती ओटा आणि पाणी वाहून जायला चर काढावा लागेल, आतून वरचे दोन-तीन मीटर सांधे सिमेंटने भरून घ्यावे लागतील. गवंड्याला दिवाळीनंतरचं आत्ताच सांगून ठेवा, तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं. तोवर रोज संध्याकाळी दोर, बादली आणि हा तास.